कान्छी काय म्हणत होती

चाकणच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवली, तिच्या दोन्ही बाजूंना कांद्याची पोती होती. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अन्न टाकू नगंस. मिळंल ते खा." बाबांचं सांगणं वेगळं होतं. ते मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपासनाही तेच घेत. खिडकीशी येऊन, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ख्रिस्ताची साक्ष दे. मुकी राहू नकोस." मला लाज वाटली. गाडी मोशीकडे वळली तेव्हा मागे पाहिलं, तर धुळीत दोघांपैकी कोणीच दिसत नव्हतं.

मी बावीस वर्षांची होते आणि नर्सिंग नुकतंच संपवलं होतं. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती मधली वर्षं. तोवर गोरी मिशनरी माणसं बोटीने आपल्याकडे यायची, आपली भाषा शिकायची आणि आपल्या मातीत पुरली जायची. आता आपल्या मंडळीतली मुलगी परदेशी सेवेला निघाली, याचं आमच्या लोकांना केवढं अप्रूप! परदेश म्हणजे नेपाळ. चर्चच्या पाळकसाहेबांनी नकाशात दाखवलं तेव्हा माझी आई म्हणाली, "हे तर लागूनच हाय की." तिला नकाशात चाकण आणि पुणंही लागूनच दिसत होतं.

तुमच्यापैकी जे कुवेतला गेले, जर्मनीला गेले, किंवा नुसते लातूरहून भोसरीला आले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण जातो ती जागा आणि घरच्यांच्या मनातली जागा कधीच एक नसते. बाबांच्या मनात मी डोंगराच्या उतारावर उभी राहून शेकडो माणसांना शुभवर्तमान सांगत होते. प्रत्यक्षात नौतनव्याला आगगाडी संपली, बुटवलला बस संपली, आणि पुढे दोन दिवस पायी चढून गेल्यावर जो दवाखाना आला तिथे मोठ्या डॉक्टरबाईंनी पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की इथे धर्माबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्या अटीवरच सरकारने येऊ दिलंय. औषध द्यायचं, जखमा धुवायच्या आणि गप्प बसायचं.

तशी मी गप्प बसले. सकाळी लाकडं पेटवून सुया उकळायच्या, मग बाहेर ओट्यावर बसलेल्या लोकांना बघायचं. गळवं, जंत, भाजलेली पोरं, दोन दोन दिवस पाठीवरून आणलेल्या बाळंतिणी. जेवायला ढिंडो असायचा, म्हणजे मक्याचा नाहीतर नाचणीचा घट्ट गोळा. नाचणी बघून पहिल्यांदा भरून आलं होतं. पुढे तीच रोज खाऊन कंटाळले, पण टाकली नाही. लोक मला दिदी म्हणायचे. त्यांची भाषा मी हळूहळू शिकले. मराठी मात्र तोंडातून गेल्यासारखीच झाली. मोठ्या बाईंशी इंग्रजी, कंपाउंडरशी हिंदी. मराठी बोलायला कोणी उरलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात बाबा गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांना पुरून महिना उलटला होता. आम्ही राहायचो ती शाळेची खोली नव्या मास्तरांना द्यावी लागली. माझा भाऊ योसेफ पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात लागला होता, तो आईला तिकडे घेऊन गेला. म्हणजे जिथून मी निघाले ते घर मी डोंगरात असतानाच मोडलं.

त्यानंतर आली कान्छी.

तिची आई डोकोत बसून आली होती. डोको म्हणजे पाठीवरची मोठी टोपली, तिकडे आजारी माणसांना त्यातूनच आणतात. बाळ झालं, पण रक्त थांबेना. मोठ्या बाईंनी आणि मी जे करता येईल ते सगळं केलं. ती गेली. घरचं म्हणून सोबत फक्त तिची म्हातारी सासू होती. तिने मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरी हिला पाजणारं कोणी नाही. बाप लाहुरे आहे." लाहुरे म्हणजे फौजेत गेलेला. म्हातारी सुनेला नदीवर पोचवून परत गेली आणि मुलगी आमच्याकडे राहिली. तिकडे धाकट्या मुलीला कान्छी म्हणतात, तेच तिचं नाव पडलं.

म्हशीच्या दुधात पाणी घालून, चमच्याने, कपड्याच्या बोळ्याने मी तिला जगवलं. आणि तिच्याशी बोलताना माझ्या तोंडून जी भाषा आली ती शाळेतली नव्हती, बाबांची नव्हती, आईची होती. "उगी, उगी. गप निज. हिकडं बघ की." नर्सिंगला असताना हॉस्टेलमध्ये याच बोलीला मुली हसल्या म्हणून मी ती सोडली होती. इथे हसणारं कोणी नव्हतं. जळतं लाकूड लागलं, ठेच लागली, की मी "आये!" म्हणून ओरडायची. कान्छीला वाटलं ते माझंच नाव. ती मला आये म्हणायला लागली. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितला. त्या चष्मा पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "सांभाळून, हं. ती आपली नाही."

ती चालायला लागली, बोलायला लागली. कोंबड्यांना "हाड" म्हणायची, दूध नको असलं की "न्हाई" म्हणून तोंड फिरवायची. हिमालयाच्या कुशीत एक पोर आमच्या खेड तालुक्यातल्यासारखं बोलत हिंडत होतं. दवाखान्याच्या दगडी पायऱ्या उतरताना मी एक हात मागे करायची आणि ती माझं बोट धरून उतरायची. त्या दिवसांत मला चाकण आठवत नव्हतं.

तिला तिसरं वर्ष लागलं आणि तिचा बाप आला. खाकी कपडे, काळी छत्री, डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला हमाल. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने आधी बायको जिथे गेली त्या खाटेला हात लावून नमस्कार केला, मग अंगणात उकिडवा बसून मुलीकडे बघत राहिला. कान्छी बकरीच्या करडामागे धावत होती. "ए, हिकडं ये! ये की!"

तो चमकला. मला हिंदीत म्हणाला, "ये तो पूना की बोली है." पुण्याजवळ दिघीच्या छावणीत तो वर्षभर होता. गावातल्या बायका कुंपणापाशी काकड्या विकायला यायच्या, त्या असंच बोलायच्या. दिघी माझ्या रस्त्यातलं गाव, असं मी सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. "मग हिचं बोलणं मला थोडंफार समजेल," तो म्हणाला. "घरी माझी वहिनी आहे. तिला मूल नाही. ती हिला जपेल, दिदी."

"तुम्ही असाल ना घरी?" मी विचारलं.

"मी? माझी सुट्टी पंधरा दिवसांत संपतेय."

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तो बाप आहे. आपण काय म्हणणार?"

सकाळी त्याने तिला डोकोत बसवलं. डोकोतलं माणूस पाठमोरं बसतं, पुढची वाट त्याला दिसत नाही, मागे राहिलेलंच दिसत राहतं. तो चालू लागला तेव्हा कान्छी माझ्याकडे तोंड करून खुशीत होती. तिला वाटलं, मीही येतेय. वळण जवळ येईपर्यंत ती हसत होती. मग मी जागची हलत नाही हे तिच्या लक्षात आलं. "आये, चल की," ती म्हणाली. आधी हळू, मग मोठ्याने. "चल की, आये! चल की!" माणसं वळणाआड गेली. आवाज बराच वेळ येत होता. डोंगरात आवाज लवकर संपत नाही.

त्यानंतर माझं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कामं मी करत होते, चुकत नव्हते. पण पाणी उकळायला लागलं की त्या आवाजात ते शब्द यायचे. करडू ओरडलं की मी हातातलं टाकून अंगणात जायची. पायऱ्या उतरताना हात मागे जायचाच. एकदा तो असा मागे गेला आणि कोणीतरी बोट धरलं. वळून पाहिलं तर एक आंधळी म्हातारी होती, तिला वाटलं दिदी आधार देतेय. मी तिला खाली नेलं आणि सुया उकळायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी देवीच्या लशी घेऊन आम्हाला वरच्या गावांत पाठवलं. त्यांत तिचं गाव होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तू जाऊ नकोस." मी गेले.

कान्छी अंगणात मक्याची कणसं उन्हात मांडत होती. उंच झाली होती, केसांत लाल फीत होती, अंगावर मांस होतं. मी जवळ बसले आणि म्हटलं, "हिकडं ये की." ती माझ्याकडे बघत राहिली. मग काकीच्या, म्हणजे बापाच्या त्या वहिनीच्या, मागे जाऊन तिच्या लुगड्यात तोंड लपवलं. लस टोचताना रडली, ती त्यांच्या भाषेत रडली.

काकी चांगली बाई होती. तिने मला ताक दिलं आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "दिदी, एक विचारायचं होतं. इथे आली तेव्हा ही रोज त्या कुंपणाशी उभी राहून काहीतरी म्हणायची. 'चलकी, चलकी.' आम्हाला कळेना. पाणी दिलं, दूध दिलं, माझ्या गळ्यातली पोत दिली. काही घेईना. बाप होता तोवर तो तिला कडेवर घेऊन फिरवायचा, काही सांगायचा नाही. तो गेल्यावरही तिचं चालूच. पावसाळा संपेपर्यंत म्हणत होती. मग एक दिवस थांबली. काय मागत होती ती? मला अजून वाटतं, एवढंसं काहीतरी असेल आणि मी दिलं नाही."

म्हणजे बापाला ते समजलं होतं. त्याने काकीला सांगितलं नव्हतं.

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "झोप आली की असं म्हणायची," मी म्हटलं.

काकीचा चेहरा उजळला. "हो? मग बरोबर. मी थोपटलं की झोपायची ती." तिने कान्छीला मांडीवर ओढलं. "ऐकलंस? झोप येत होती तुला." दोघी हसल्या. मी पुढच्या घराकडे निघाले.

त्यानंतर दोन वर्षांनी आई आजारी पडली म्हणून मी परत आले, ती पिंपरीला. चाकणला माझं काही उरलं नव्हतं. पिंपरीत सिंधी निर्वासितांच्या बराकी होत्या, कारखान्याचा भोंगा होता, चाळीत कोकणातली, मराठवाड्यातली माणसं होती. सगळेच कुठून तरी आलेले, म्हणून मला कोणी काही विचारलं नाही. एका कंपनीच्या दवाखान्यात मी नोकरी धरली. मशीनवर कापलेली बोटं बांधायची. ते काम मला येत होतं.

आई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती त्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "माजी बोली तितवर ग्येली म्हन."

"विसरली ती, आई."

"इसरंल न्हाईतर काय! जगायचं हाय तिला." मग ती म्हणाली, "काकीला खोटं बोललीस त्ये बरं केलंस. तुज्या बाबांनी इचारलं आसतं तर त्यांनाबी हेच सांगितलं आसतं मी." मग ताट बाजूला सारून तिने माझं डोकं जवळ घेतलं. मी त्या दिवशी रडले.

आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांची नावं घेतात, थोरापासून धाकट्यापर्यंत. त्या दिवसापासून योसेफच्या मुलांची नावं संपली की आई म्हणायची, "आन् आमची कान्छी." योसेफच्या बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तीही म्हणायला लागली. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आता आम्ही संत तुकाराम नगरमध्ये राहतो. खाली कंपनीच्या बसेस थांबतात, वर टीव्ही चालू असतो, तरी सात वाजता सगळे बसतात. कोणी शिफ्टला असेल तर त्याचंही नाव घेतो. मला कोणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी पत्ता सांगते. पण मनात मी त्या नावांची रांग धरते. ज्यांचं नाव तिथे घेतलं जातं ते घरात आहेत, मग ते कुठेही असोत आणि त्यांना ते माहीत असो वा नसो.

परवा योसेफची नात, सहा वर्षांची, प्रार्थना संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "आत्या-आजी, कान्छी कोण? ती कधीच कशी येत नाही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आपलीच आहे," मी म्हटलं. "सासरी असते. लांब आहे ते."

तिला ते पटलं. ती खेळायला गेली.