पंचावन्न किलोच्या आत

हिवाळ्यात धान निघायला लागलं की जिल्ह्याच्या कबड्डीचे दिवस यायचे. स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या हायस्कूलची टीम गावातल्या धानाच्या व्यापाऱ्याकडे जायची आणि एकेक जण त्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा. शाळेकडे काटा नव्हता, आणि पंचावन्न किलोच्या वर शंभर ग्रॅम गेला तरी पोरगा बाहेर. सावली तालुक्यात, धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना लागून असलेली आमची शाळा. छपराचे कवेलू फुटके, पण हेडमास्तरांच्या खोलीत जिल्ह्याची ढाल सलग सहा वर्षं. ती ज्याच्या हातून जाईल त्याला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

कबड्डीच्या जुन्या सरांचा एक नियम होता. या काट्यावर त्रेपन्नच्या आतच भरलं पाहिजे. का, ते कुणी विचारलं नाही. त्या वर्षी सर निवृत्त झाले, नवीन सर बाहेरून आले आणि मी कॅप्टन झालो. काट्यावर मी साडेचोपन्न भरलो.

"सर, त्रेपन्न पायजे होतं," एक जण म्हणाला.

"पंचावन्न म्हणजे पंचावन्न," नवीन सर हसले. "उपाशी पोरगा चढाई काय करणार?"

मला तेच ऐकायचं होतं. संध्याकाळी घरी दोनदा भात घेतला. शेजारी बाबा जेवत होते.

"त्या काट्याचा भरोसा नको ठेवू. काटा मारते तो शेट," ते म्हणाले.

व्यापाऱ्याला धान घालून आले की बाबा दरवर्षी हेच म्हणायचे आणि आम्ही दरवर्षी ऐकून सोडून द्यायचो. "तुमचं आपलं तेच," म्हणून मी हात धुतले.

सकाळी जिल्ह्याच्या मैदानावर टेबलामागच्या माणसाने माझं वजन मोठ्याने वाचलं. "छप्पन्न किलो दोनशे."

सरांनी परत उभं केलं. तेच.

"दहा वाजेपर्यंत उतरवून आणा," तो माणूस म्हणाला.

एकावर एक दोन स्वेटर घालून मी धावायला लागलो. चिंच चघळत, तोंडाला सुटलेलं पाणी थुंकत होतो, घाम डोळ्यांत जात होता. दुसऱ्या शाळांची पोरं केळी खात मजा बघत होती. मला सगळ्यांचा राग येत होता. सरांचा, भाताचा आणि सगळ्यात जास्त माझा. साडेनऊला पंचावन्न सहाशे. एकाने कुठून तरी कात्री आणून माझे केसही कापले. दहाला पाच मिनिटं असताना चड्डीवर उभा राहिलो, श्वास रोखून, जणू त्यानेही वजन कमी होणार होतं.

"पंचावन्न तीनशे. पुढचा."

माझ्याशिवाय टीम उतरली आणि दोन गुणांनी हरली. ढाल गेली. मंडपामागे जाऊन मी ओक्साबोक्शी रडलो.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते कबड्डीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. "छप्पन्न किलो? नक्की?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते आधी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी मोजलं, बरोबर छप्पन्न. तिथून तडक व्यापाऱ्याच्या दारात. धानाची पोती घेऊन दहा-बारा शेतकरी रांगेत उभे होते.

"शेटजी, याले मोजा," बाबा म्हणाले.

"काऊन? कबड्डी तर झाली न?"

"मोजा तं खरं."

शेटजी हलेना. बाबांनीच मला काट्यावर चढवलं आणि रांगेतल्या एकाला आकडा वाचायला लावला. चोपन्न किलो तीनशे.

"दवाखान्यातून इथी येतावरी पोरगा पावणेदोन किलोनं वाळला काय, शेटजी?"

कुणी हसलं नाही. एकाने आपलं पोतं उचलून परत बैलबंडीत टाकलं. मग दुसऱ्याने. मला मात्र तेव्हाच जुने सर दिसले. त्यांचीही शेती होती, रांगेत तेही होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सर, तुम्हाले माहीत होतं?"

"पोरायपुरतं मी सांभाळून घेतलं होतं न रे," ते म्हणाले.

काटा दोन किलो खातो हे धरून त्यांनी आम्हाला वाचवलं होतं. माझ्या बाबांचं धान कुणी वाचवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा सरांच्या पाया न पडता मी घरी आलो.