महानंदाकाकूंचं येठण

नांदेडच्या लॉ कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर महानंदाकाकू बसायच्या. वय सेहेचाळीस. दहावीनंतर लग्न झालं, दोन लेकी शिकवून मार्गी लावल्या, मग मुक्त विद्यापीठातून बीए. रोज नायगावहून एसटीनं यायच्या. नवऱ्यानं, अण्णारावांनी, एवढंच म्हटलं होतं, "शिक की. तुला कोण अडवून राहिलंय?"

इंग्रजीचा मात्र त्यांना धाक होता. एकदा अमरनाथ सर गुन्ह्यांचे प्रकार शिकवत होते. प्रयत्न, कट, चिथावणी. गुन्हा सुरू झालेला, पण तडीस न गेलेला. याला इंग्रजीत 'इनकोएट' म्हणतात, असं सांगून ते पुढं निघाले. काकू उभ्या राहिल्या.

"सर, ह्यो शब्द आला कुठून?"

मागची पोरं हसली. मीही हसले. सर म्हणाले, "मला माहीत नाही. उद्या बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "शब्द लॅटिन आहे. नांगराचा दांडा जुवाला ज्या पट्ट्यानं बांधतात, त्या पट्ट्यावरून तो आला असं मानतात. म्हणजे जुंपलंय, काम अजून व्हायचंय. त्या पट्ट्याला मराठीत काय म्हणतात, कोण जाणे."

"येठण," काकू म्हणाल्या. "आमचे वडील स्वतः आवळायचे."

सरांनी खडू पुढं केला. काकूंनी फळ्यावर जू काढलं, दांडा काढला, दोन्हींना बांधणारा दोर काढला. "हे आवळलं म्हंजे सुरुवात झाली. पण रान तर सगळं तसंच हाय." वर्गात कुणी हसलं नाही.

त्यानंतर आम्ही चौघीजणी दुपारी त्यांच्याभोवती बसू लागलो. आम्ही इंग्रजी वाचायचो, त्या ते शेताच्या, बाजाराच्या भाषेत सांगायच्या. परीक्षेत आम्ही सुटलो. काकूंचा एक पेपर राहिला. निकालाच्या दिवशी त्या डबा न उघडताच घरी गेल्या. सोमवारी पुन्हा बाकावर हजर. दुसऱ्या खेपेला तो पेपर निघाला.

आता त्या नायगावच्या कोर्टात वकिली करतात. मागच्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा समोर धुरपताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेण्याआधी काकू त्यांना एकेक ओळ उलगडून सांगत होत्या.

"सही-अंगठ्याचं काय एवढं, बाई? दे म्हणलं की देते मी," म्हातारी म्हणाली.

"न्हाई मावशी," काकू म्हणाल्या, "आधी समजून घ्या, मग द्या."

म्हातारीला शेवटची ओळ कळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर तासभर थांबले.