मास्तरांची भट्टी

सन १९५५, वसंतपंचमी. साडेसतरा रुपयांची तीन पुस्तकं उघडली गेली तेव्हा तिघे हजर होतो: जुन्या जालन्यातले आमचे शेजारी ड्रॉइंग मास्तर, त्यांची बायको आणि मी. पुस्तकावर मास्तरांइतका विश्वास ठेवणारा माणूस जालन्यात दुसरा झाला नाही. विंचू चावला तेव्हा त्यांनी ओरडण्याआधी अनुक्रमणिका पाहिली होती. आता त्यांना जुन्या पद्धतीनं, मातीच्या भट्टीत, स्वतः लोखंड काढायचं होतं. एक पुस्तक उर्दू, एक इंग्रजी, एक मराठी; तिन्हींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की लोखंड वितळून पाण्यासारखं वाहतं.

रोज सकाळी मास्तर दोरीला लोहचुंबक बांधून कुंडलिका नदीच्या वाळूतून कुत्रं फिरवावं तसं फिरवत आणि चिकटलेली काळी रेती धोतराच्या सोग्यात घरी आणत. परसात कमरेएवढी भट्टी उभी राहिली. भाता मास्तर मारत, कोळसा मी तोलून देई. दर खेपेला खालून लाल रस वाही, मास्तर हात जोडत, रस थंड होई आणि हातोडी लावताच काचेसारखा फुटे. आत चिकटलेला ओबडधोबड गोळा ते पहारीनं काढून कुंपणाशी फेकत. अशा सहा भट्ट्या झाल्या.

"भाऊजी, यांना सांगा," वहिनी मला म्हणाल्या. "चैत्रात पोरीचं लग्न आहे. मांडव काय भट्टीवर टाकू? पाडव्यापर्यंत लोखंड दाखवा, न्हाई तर भट्टी मी स्वतः मोडते."

पाडव्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारी घिसाडीण विळे-उलथणी विकत दारात आली. तिची नजर कुंपणाकडे गेली.

"मास्तर, हे कुणी फेकलं?"

"मीच. निकामी आहे ते. लोखंड वाहतं."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकवाल्यानं कारखाना पाह्यला असंल. असल्या भट्टीत लोखंड वाहत न्हाई, आत बसतं. वाहतो तो मळ. सहा डाव तुम्ही मळाला हात जोडले अन् देव कुंपणाशी टाकला."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. म्हातारीनं एकेक गोळा तापवून हलक्या हातानं ठोकला. पाचांचा भुगा झाला. सहावा टिकला. ठोकण्याआधी पाच शेर होता, मळ झडून सव्वा शेर राहिला. घणाखाली तो खणखणला तसे मास्तर दोनदा बसले आणि तीनदा उठले, मी मोजलं.

"पाहिलंस?" ते आवाज ऐकून बाहेर आलेल्या वहिनींना म्हणाले. "पाडवा उद्या आहे."

म्हातारीला त्यांनी दोन रुपये पुढे केले. तिनं ते पाहिलेच नाहीत. निवलेलं लोखंड मांडीवर घेऊन ती बसली होती.

"माझ्या सासऱ्यानं असं काढल्तं," ती म्हणाली. "तो गेला, तवापासून बाजारचाच पत्रा ठोकून राह्यले."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनी म्हणाल्या, "द्या त्यांना. मी पाहिलंय, तेवढं पुरे."

भट्टी राहिली, मांडव माझ्या अंगणात उभा राहिला. दोन रुपये परत मास्तरांच्या खिशात गेले. शेवटी दिलं ते सव्वा शेर लोखंड, घिसाडणीला. मास्तरांच्या तळहाताला त्याचं काळं तेवढं लागलं होतं, ते त्यांनी दोन दिवस धुतलं नाही.