सोडून दिलेला हात

चिंचवडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. येणारे बहुतेक कंपनीतले. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान अवघडलेली. त्यामुळे चार वर्षांपूर्वी कुरुळीचे एक गॅरेजवाले उजवा खांदा धरून आले, तेव्हा मला वाटलं की टेम्पोचा गिअरबॉक्स उचलताना लचकला असेल.

"काय करताना झालं?" मी विचारलं.

"मारामारी करताना." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "भांडण न्हाई, मॅडम. मॅच व्हती. पिंजऱ्यातली."

जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं उतरतात, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं, आणि ज्याला सहन होत नाही त्यानं हातानं थाप मारून हार मानायची, त्याला टॅप म्हणतात, एवढं त्यांनी मला समजावलं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. गावात त्यांना सगळे वस्ताद म्हणत. पुढं मीही म्हणू लागले.

खांद्याला शेक देत असताना माणूस आपोआप बोलायला लागतो. वस्तादांचे वडील जत्रेतल्या कुस्त्या खेळायचे. मशिदीमागच्या तालमीत लेकालाही त्यांनीच उतरवलं. खेड, मावळातल्या जत्रा मारत वस्ताद तिशीपर्यंत मातीतच राहिले. मग एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर पिंजऱ्यातली लढत दाखवली.

"मला वाटलं, यात काय हाय? धरला की पाडला," ते म्हणाले. "पयल्या मॅचला पट काढायला वाकलो, तर समोरून गुडघा आला. डोळं उघडलं तवा नुसते लोकांचे बूट दिसत व्हते."

दुसरा कुणी तालमीत परत गेला असता. हे पिंपरीतल्या एका बॉक्सिंग शिकवणाऱ्याकडे गेले आणि कॉलेजच्या मुलींच्या रांगेत उभे राहून सरळ ठोसा कसा मारायचा ते शिकले. नंतर वाकडच्या एका सोसायटीत राहणारा चष्मेवाला आयटीतला तरुण त्यांना भेटला. त्याला जमिनीवरचे डाव यायचे, मान आवळणं, सांधा पकडणं.

"चष्मा काढून बाजूला ठिवला, आन मला धा मिनटात पाच येळा गुदमरवला त्यानं. मी त्याच्या पाया पडलो. म्हटलं, शिकव."

तो त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होता.

मी त्यांना सहा महिने लढायचं नाही असं सांगितलं. सहा महिने म्हणजे सहाच महिने त्यांनी पाळले. व्यायामाचा एकही दिवस चुकवला नाही. माझ्याकडे असे पेशंट फार थोडे येतात. मधल्या काळात ते जुन्या लढतींचे व्हिडिओ दाखवायचे. सुरुवातीला मी भिडेखातर बघायची, नंतर मीच "ते परत लावा" म्हणू लागले.

कारण त्यांचं लढणं काही वेगळंच होतं. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. हात वर, हनुवटी खाली, आणि अर्धं पाऊल पुढं. नेहमी अर्धंच. समोरचा मागं सरकत सरकत जाळीला लागायचा. मग दोन ठोसे कोपरावर झेलून वस्ताद आत शिरायचे आणि डोकं त्याच्या हनुवटीखाली रोवून छातीला कान लावायचे.

"कानाला कळतं मॅडम, इंजिन किती तापलंय. दम लागला की माणूस हलका व्हतो. तवा पट काढायचा."

पट म्हणजे दोन्ही पाय कवेत घेऊन माणूस पाडणं. तो त्यांचा जुना, मातीतला डाव. खाली गेल्यावर तर त्यांना अजिबातच घाई नसायची. मी शरीराचा अभ्यास केलेली बाई. कुठला स्नायू केव्हा आवळायचा आणि कुठला मोकळा सोडायचा, हे इतकं नेमकं मी कुणातच पाहिलं नव्हतं. प्रसिद्धी त्यांना कधी मिळाली नाही. हॉलमध्ये, मैदानावर, एकदा तर मॉलच्या पार्किंगमध्ये ते लढले, कधी जिंकले, कधी हरले, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर वर केलं.

गेल्या वर्षी, एक्केचाळिसाव्या वर्षी, ते निमंत्रण घेऊन आले. "खांदा तुमी बसवलाय. चालतोय का बघायला या."

मोशीच्या एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी लढती होत्या. नवरा-नवरी जिथं बसतात तिथं पिंजरा उभा केला होता. वस्तादांसमोर चोवीस वर्षांचा मुलगा होता, बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत लाईनवर काम करणारा. लांब पायांचा. पहिल्या फेरीत त्यानं लाथा घालून वस्तादांची मांडी लाल केली, भुवईवरही फोडलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी छातीला कान लावला आणि त्याला खाली नेलं. तिसऱ्या, शेवटच्या फेरीचं मिनिटभर उरलं होतं, दोघंही जमिनीवर होते, तेव्हा त्या मुलाचा उजवा हात त्यांच्या दोन मांड्यांच्या मध्ये सापडला. वस्तादांनी मनगट छातीशी धरलं आणि कंबर वर उचलली.

सगळं सभागृह उभं राहिलं. मी चौथ्या रांगेत होते. कोपर सरळ होऊन त्याच्याही पलीकडे जाऊ लागलेलं मला दिसत होतं. मुलगा टॅप करेना. दात आवळून वर दिव्यांकडे बघत होता. रेफरी वाकून बघत होता, पण तो चुकीच्या बाजूला होता. आता काय तुटणार हे मला नावानिशी माहीत होतं.

आणि वस्तादांनी हात सोडला.

मुलगा झटक्यात वर आला आणि घंटा होईपर्यंत ठोसे मारत राहिला. निकालात त्याचाच हात उंचावला गेला.

वधूपक्षाच्या खोलीत वस्ताद मांडीवर बर्फ धरून बसले होते. मी आत गेले ती भांडायलाच.

"का सोडलात?"

"त्यानं टॅप न्हाई केलं."

"अहो, रेफरी होता ना!"

"रेफरीला दिसंस्तवर हात गेला असता. तुमाला ठावं हाय. उद्या त्याची फस्ट शिफ्ट हाय. मॅचआधी वजन करताना बोल्लो व्हतो आमी."

त्या आठवड्यात मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. नवऱ्याला, रिसेप्शनवरच्या मुलीला, दोन पेशंटना.

गुरुवारी तो मुलगाच क्लिनिकमध्ये आला. वस्तादांनी पाठवलं होतं. कोपर सुजलेलं, पण काही तुटलेलं नव्हतं. मी पट्टी बांधत असताना त्यानं विचारलं, "मॅडम, त्यांनी हात कामून सोडला? दमले होते का?"

मी त्यालाही अभिमानानं सगळं सांगितलं.

"म्हंजे मी जिंकलोच नाही की," तो म्हणाला. "दिली त्यांनी मला. हात माझा होता, मॅडम. काय करायचं ते मी ठरवलं होतं."

इतकं कौतुक करताना या मुलाला काय वाटेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. संध्याकाळी मी वस्तादांना फोन करून त्याचं म्हणणं सांगितलं. पलीकडे त्यांनी हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "म्या त्याला ल्हान केला. त्याला सांगा, कोपर बरं झालं की ये म्हणावं. त्याला जे मागायचं ते माग म्हणावं."

कोपराला सहा आठवडे लागले. मुलानं जे मागितलं ते ऐकून मी आधी नाहीच म्हटलं. पण तो ऐकेना, म्हणून एका रविवारी सकाळी मीही कुरुळीला गेले. गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट अंथरून वस्ताद शिकवतात. शिकणारे सगळे भिंतीला टेकून बसले होते.

"जिथं सोडला तिथूनच सुरू करू," मुलगा म्हणाला.

"व्हय. मॅडम, तुमी जवळ बसा."

दोघं तसेच आडवे झाले. तोच हात, तेच मनगट छातीशी. वस्तादांनी कंबर उचलली आणि या वेळी दाब सोडला नाही. मुलानं हात ओढून घेतलाच नाही. अंगठा जमिनीकडे वळवला, त्याच्या मागोमाग खांदा, आणि अख्खं अंग गरकन फिरवून तो सुटला. सुटून उभाही राहिला.

वस्ताद पाठीवर पडल्या पडल्या हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हंजे वाट व्हती! आरं, मला वाटलं मोडतोय आता. आन याच्याकडं वाट व्हती, राव!"

"त्या दिवशी सुचली असती का, कोण जाणे," मुलगा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "पुन्हा धरा."

दुसऱ्या खेपेला वस्तादांनी एक टाच त्याच्या मानेवर घट्ट ठेवली आणि फिरायची जागाच बंद केली. मुलगा वळवळला आणि मग त्यानं मॅटवर तीन थापा मारल्या. हात लगेच सुटला. दोघंही धापा टाकत होते, आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर मोशीला जिंकल्यावर दिसला नव्हता असा आनंद होता.

मी कोपर तपासायला पुढं झाले, पण वस्तादांनी मला हातानं थांबवलं. ते उठून मांडी घालून त्याच्यासमोर बसले.

"भावा, ते फिरणं जरा सावकाश दाखव. पयला अंगठा का पयला खांदा?"

"आधी अंगठा," मुलगा म्हणाला. वस्ताद पाठीवर आडवे झाले आणि त्यांनी आपला उजवा हात त्याच्या हाती दिला.