एकशे तेहतीसच्या दोन बाटल्या

१९७४च्या जुलैतली सकाळ. यांचा डबा भरून झाला होता, मी शेंगदाणे भाजत होते आणि केराबाई मोरीत भांडी घासत होती. दारावर थाप पडली. उघडलं तर आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले गुरप्पामामा, हातात कापडी पिशवी घेऊन. मी बी.एस्सी. होऊन बारा वर्षं झाली, मामा कधी घरी आले नव्हते.

मामा अक्कलकोटकडचे, सातवी शिकलेले. काचेची नळी ज्योतीवर धरून तिच्यातून सुतासारखी बारीक नळी ओढायची आणि एक टोक बंद करायचं, यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्या नळीत आम्ही पांढरी भुकटी भरायचो, थर्मामीटरला चिकटवून तेलात बुडवायचो आणि भुकटी कितव्या अंशाला वितळते त्यावरून पदार्थ ओळखायचो. कुणी बर्नर मोठा केला की मामा मागून येऊन न बोलता बारीक करत. एखादी भुकटी वितळण्याऐवजी तपकिरी होऊन करपली की म्हणत, "ह्ये वितळत न्हाय, मोडतंय. तसंच लिवा की." पुस्तकातला आकडा उतरवणाऱ्या मुलांचा त्यांना फार राग.

त्यांनी चहा नको म्हटलं. पिशवीतून एक बाटली, थर्मामीटर आणि दोन बारीक नळ्या काढून ओट्यावर ठेवल्या. मोतीबिंदू उतरलाय, स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. कॉलेजात कुणाला सांगायची छाती होत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो, ही भुकटी कितीला वितळते ते तुम्ही बघा, असं म्हणाले. मी छोट्या पातेल्यात करडईचं तेल घेऊन वातीच्या स्टोवर ठेवलं.

केराबाई मोरीतूनच बोलली, "बाई, त्याच तेलाची फोडणी देनार असशीला, तर मी आज घरचीच भाकरी खाते."

मामा हसले नाहीत. वात अगदी बारीक करून थर्मामीटर धरून उभे राहिले. पारा रांगत वर गेला. अठ्ठ्याण्णवला भुकटी ओलसर दिसू लागली आणि वितळत वितळत एकशे बाराला पार पाणी झाली. मी आकडे सांगितले तसे मामा स्टुलावर बसले.

"पोरीनं बी ह्येच लिवलं हुतं," ते म्हणाले.

पोर म्हणजे माढ्याची अनसूया. एप्रिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ही बाटली तिच्या वाट्याला आली होती. परीक्षकांच्या यादीत आकडा होता एकशे तेहतीस. तिनं तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच आलं. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, हात चालत नाही तर निदान यादी पाठ करून यायची. तिनं काही आकडा बदलला नाही, आणि नापास झाली. आता तिचे वडील तिला पुन्हा परीक्षेला बसवायला तयार नव्हते. हुशारी कळली म्हणत होते आणि स्थळं पाहत होते.

परीक्षेच्या आधी दोन अर्ध्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आसिडाच्या वाफेनं पुसल्या गेल्या होत्या. मामांनी दोन्हींतली भुकटी तापवून पाहिली. दोन्ही एकशे तेहतीस. माल एकच, असं धरून त्यांनी एकीतला दुसरीत ओतला. पण एकीत युरिया होता, दुसरीत सिनॅमिक आसिड. एकेकटे दोघेही एकशे तेहतीसलाच वितळतात. मिसळले की एकमेकांना खाली ओढतात. परवा नवे सर हे शिकवत असताना मामा दाराशी खडू घेऊन उभे होते, तेव्हा त्यांना आपली चूक उमगली. चिमूटभर पाण्यात टाकून पाहिली असती तर कळलं असतं, एक विरघळतो, दुसरा नाही. पण पंचवीस वर्षं मामांना सगळ्यांनी पाराच तेवढा वाचायला सांगितला होता.

प्राचार्यांना अर्ज द्यायचा, तो मी लिहून द्यावा, असं ठरलं. मी वही घेतली खरी, पण लिहवेना. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी म्हटलं, बाटलीत भेसळ निघाली एवढंच लिहू, कुणी केली ते कशाला हवंय?

मामांनी स्टोची वात विझवली. मग म्हणाले, "तसं लिवलं तर पोरीवरच ढकलतील की. तिनंच कायतरी सांडलं म्हनतील. अक्का, मिसळ गुरप्पानं केली, एवढं लिवा."