कोणते चार दिवस?

लाल पेन हातात आलं की मला थांबता येत नाही. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यापासून मी मुलांच्या वह्या, प्रबंध, अर्ज, एकदा तर एका लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा खोडून परत दिला आहे. त्यामुळे माझी एमएस्सीची एक विद्यार्थिनी परदेशातल्या पीएचडीच्या अर्जासोबत जोडायचं दोन पानी निवेदन घेऊन आली, तेव्हा तिनं कागद टेबलावर ठेवले आणि स्वतःच्याच पर्समधलं लाल पेन माझ्यापुढे केलं. "घ्या मॅडम, करून टाका एकदाचं," म्हणाली.

ही मुलगी अंजनगाव सुर्जीची. वडिलांचा तिथं छोटासा पानमळा, म्हणजे विड्याच्या पानांचे वेल. ती रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायची, दोन-अडीच तासांचा प्रवास करून प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी हजर असायची आणि उशिरा येणाऱ्या अमरावतीकरांकडे अशी पाहायची की त्यांना आपोआप लाज वाटावी. वर्गात फार बोलत नसे. पण सूक्ष्मदर्शकाखाली एकच काचपट्टी सगळ्या वर्गाला दाखवली, तर इतरांना जे दिसलं नाही ते हिला दिसलेलं असे. हे मी कौतुकानं सांगते आहे, पण तेव्हा मला त्याचा थोडा रागही यायचा, कारण बऱ्याचदा ते मलाही दिसलेलं नसे.

तिच्या मळ्यावर मी तोवर एकदाच गेले होते, तिचा प्रकल्प पाहायला. शेवरी आणि पांगऱ्याच्या खोडांवर चढवलेले वेल, आत गार सावली, पायाखाली ओली माती. मळ्याच्या तोंडाशीच तिनं मला अडवलं.

"मॅडम, चप्पल इथंच. अन् पाटात पाय धुवा."

"अगं, आत चिखल आहे."

"म्हनूनच," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, हळू आवाजात तिनं विचारलं, "अन् तुमाले चार दिवसांचं काही नाही ना? बाबा पाळतात."

मी म्हटलं, माझं ते कधीच आटोपलं, बाई. ती हसली आणि आम्ही आत गेलो. पानवेल देवाची, म्हणून मळ्यात जोडे न्यायचे नाहीत आणि पाळीच्या चार दिवसांत बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, असे दोन नेम तिच्या घरात चालत आलेले. मला त्यात नवल वाटलं नाही. अकोल्याला माझ्या माहेरीही त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावलेला चालत नसे.

तिचा अभ्यासाचा विषय होता मर. चांगला हिरवागार वेल बुडाशी काळा पडतो, आठवड्याभरात मान टाकतो आणि मग शेजारचाही जातो, याला तिकडे मर लागली म्हणतात. ती मातीतून पसरते. या मुलीनं दोन वर्षं आजूबाजूचे मळे पायी हिंडून नोंदी केल्या होत्या. रस्त्याकडच्या ज्या मळ्यांत नव्या मालकांनी जोडे घालून आत जायची मुभा दिली होती, तिथं मर आधी लागत होती आणि भरभर पसरत होती. जुना नेम पाळणाऱ्या मळ्यांत ती उशिरा येत होती. एका मळ्याची माती जोड्याच्या तळव्याला चिकटून दुसऱ्या मळ्यात जाते, ती पाटात धुतलेल्या अनवाणी पायांबरोबर जात नाही, असा तिचा तर्क होता. निवेदनाचा पहिलाच परिच्छेद तिनं या चपलांवर लिहिला होता.

तो मी आडवी रेघ मारून उडवला. "युरोपातले प्राध्यापक हे वाचणार," मी म्हटलं, "आणि तू पहिल्याच पानावर देवाधर्माचं घेऊन बसलीस. हसतील तुला."

"हसू द्या, मॅडम. खरं हाय ते."

"खरं असलं तरी सगळं सांगायचं नसतं."

तिनं कागद उचलले, आभार मानले आणि गेली. मर रोगावर काम करणाऱ्या युरोपातल्या ज्या एका प्रयोगशाळेत ती अर्ज करत होती, तिथं एकच जागा होती. मिळाली तर फी, राहणं-खाणं, विमा, जाण्यायेण्याचं तिकीट, सगळं तेच देणार होते. नाही मिळाली तर तिचं परदेशी जाणं तिथंच संपणार होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. अर्ज गेल्यावर तिनं मला त्याची प्रत दाखवली. स्वल्पविराम, स्पेलिंग, काळ, माझी एकूण एक दुरुस्ती तिनं घेतली होती. चपलांचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा पहिल्या पानावर होता. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

महिन्याभरानं मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत ऑनलाइन, त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या भर दुपारी. अंजनगावच्या घरी नेट टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी तिला माझ्या घरी बोलावलं. सोबत तिचे वडील आले. केळीच्या पानात गुंडाळलेली पानांची थप्पी माझ्या हातात देऊन ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले ते बसलेच. चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, "तिचं होऊ द्या पयले."

बाहेरच्या खोलीत ती लॅपटॉपसमोर, मधलं दार अर्धवट लोटलेलं, आत आम्ही दोघं. तिचं इंग्रजी अंजनगावच्या वळणाचं. पण एकही वाक्य अडलं नाही. चपलांचा विषय तर त्यांनीच काढला आणि कुणीही हसलं नाही. उलट कुठल्या मळ्यात, किती अंतरावर, पाऊस किती, असे प्रश्नांवर प्रश्न आले. मला माझ्या लाल रेघेची आठवण होऊन कानशिलं तापली.

मग एका बाईंचा आवाज आला. त्यांनी शांतपणे विचारलं की, तुमच्या मळ्यात असे आणखीही नेम असतील. तुमच्या तर्काला सोयीचा तेवढा एक तुम्ही उचलला का?

ती थांबली. मी ओट्याची कड धरली.

"आणखी एक आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "तो त्या चार दिवसांबद्दल आहे."

"व्हिच फोर डेज?" बाईंनी विचारलं.

कोणते चार दिवस? आपल्याकडे हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. चार दिवस म्हटलं की पोरीबाळींपासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि पुढचा शब्द उच्चारायची वेळच येत नाही. 'बाहेरची आहे', 'कावळा शिवला' हेही त्याच कामाचे शब्द. माझ्या वर्गातल्या मुलींनी सुट्टी मागताना 'चार दिवस' म्हटलं आणि मी सही केली, इतकी वर्षं. फुलांच्या प्रजननावर तासन् तास बोलणारी मी, तो शब्द वर्गात एकदाही बोललेले नाही. तिनं मराठीतला आडोसा तसाच उचलून इंग्रजीत नेला होता, आणि तिकडे तो आडोसा नव्हताच. ते नुसते चार दिवस होते.

माझ्या शेजारी तिचे वडील बसले होते. तिला ते माहीत होतं.

तिनं सरळ तो शब्द उच्चारला. मग सांगितलं की, एक नेम तपासायचा आणि दुसरा नाही, हे तिला पटलं नाही. म्हणून दोन वर्षं ती त्या दिवसांतही मळ्यात गेली. मुद्दाम पूर्वेकडच्या चार ओळींतच गेली, तिथलीच पानं खुडली, तिथलेच वेल बांधले, आणि दर वेळची तारीख वहीत लिहिली. त्या ओळींत आणि शेजारच्या ओळींत तिला काही फरक दिसला नाही. "पण एका मळ्यावरून काहीच सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "तसं नीट कसं तपासायचं, तेच शिकायला मला यायचं आहे."

मला ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. माझ्या पदव्या, माझी सगळी नोकरी, आणि लोणच्याची बरणी खरंच नासते का हे मी आयुष्यात एकदाही करून पाहिलं नव्हतं.

वडील माझ्याकडे झुकले. "काय इचारलं त्यायनं? पोरगी एकदम गप झालती."

"वेलांबद्दल विचारलं," मी म्हटलं. दुसऱ्याचं अर्धं वाक्य मी खपवून घेत नाही, पण तेव्हा माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

मुलाखत संपल्यावर ते उठून हात धुवायला गेले, तेव्हा ती आत आली. "मॅडम, बाबानं ऐकलं?"

"ऐकलं. कळलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. पाणी प्यायली, पेला ठेवला. "नाही, बरं नाही झालं."

निकालाचा मेल प्रयोगशाळेतच आला. तिनं तो उभ्या उभ्या तीनदा वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. पूर्ण शिष्यवृत्ती, त्या एका जागेवर तीच. मी वाचते आहे तोवर गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "लाल पेनानं काही खोडाचं हाय का याच्यात, मॅडम?" मी तिला जवळ घेतलं. विभागातल्या इतरांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं. मेलच्या शेवटी त्या बाईंनी एक ओळ लिहिली होती. येताना ती तारखांची वही बरोबर आणा, आपण तिथूनच सुरुवात करू.

त्याच दुपारी आम्ही दोघी अंजनगावला गेलो. ही बातमी तिला फोनवर सांगायची नव्हती. मळ्याच्या कुंपणाबाहेर तिची आई गोणपाटावर बसून पानं निवडत होती, चांगलं एकीकडे, डागी एकीकडे. वडील आत वेल बांधत होते. तिनं दारातूनच सांगितलं. आईनं ओले हात कपाळाला लावून नमस्कार केला. वडील ओळीतून बाहेर आले, डोळे पुसले आणि त्यांनी जे कुणीही विचारलं असतं तेच विचारलं.

"एवढ्या मोठ्या लोकायले तुहं काय आवडलं, सांग त खरं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे हे तुझं तूच सांग. तिनं पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली.

"बाबा, मी त्या दिवसातबी मळ्यात जात होती. दोन वर्सं. तारखा हायेत याच्यात. तुमाले सांगतलं नाही, ते चुकलं माह्यं. पन गेली त गेलीच."

ते वहीचं एकेक पान उलटत गेले. मला वाटलं, आता फेकतात. "कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेकडच्या चार ओळी."

ते त्या ओळींत शिरले. खोडाशी वाकत, बोटानं माती सारून बुंधे पाहत एक ओळ टोकापर्यंत गेले, दुसरीतून परत आले, मग तिसरी, मग चौथी.  तिचा हात मी घट्ट धरला होता. परत आले तेव्हा त्यांनी वही तिला दिली आणि कुंपणाकडे तोंड केलं.

"ऐकलं काय वं? आत ये."

आई जागची हलली नाही. "मी बाहीरची हाय," म्हणाली.

"माहीत हाय मले. ये."

तिनं हातातलं पान निवडून एकीकडे टाकलं. मग मांडीवरची पानं खाली ठेवली, उठली, पाटात पाय धुतले आणि आत आली. आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता ती थेट दुसऱ्या ओळीतल्या मधल्या वेलापाशी गेली आणि त्याची गवताची गाठ सोडायला लागली.

"ही कोनी बांधली? वेल आवळून राहिला."

"मीनं," वडील म्हणाले.

आईनं गाठ सैल करून पुन्हा बांधली. "परवापासून पाहून राहिली मी बाहीरून," ती म्हणाली.