रंगाप्रमाणे लावलेलं ग्रंथालय

आमच्या महाविद्यालयात चित्रकला, डिझाइन आणि पाककला असे तीन विभाग आहेत आणि तिघांना मिळून एक ग्रंथालय. ते मी सांभाळते. इमारत कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागे आहे. माहितीपत्रकात 'द्रुतगती मार्गाच्या प्रवेशद्वारी' असं छापतात. खिडक्या उघडल्या की तासाभरात टेबलावर काळपट भुकटी बसते, म्हणून त्या उघडायच्या नाहीत हा माझा पहिला नियम. पाककलेच्या मुलांनी हात धुऊन आणि पुसून आत यायचं, हा दुसरा. चित्रकलेच्या मुलांनी चित्र गिरवण्यासाठी पुस्तकाचं पान काचेवर दाबून धरायचं नाही, हा तिसरा. डिझाइनच्या मुलांसाठी वेगळा नियम नव्हता, कारण ती मुलं पुस्तकांना हातच लावत नसत. तो नियम करायचा राहिला आणि त्याचे परिणाम मी भोगले.

दर महिन्याला मी 'ग्रंथालय वार्ता' नावाचं एक पान काढून फलकावर लावते. नवीन पुस्तकं कोणती आली, कागद-कापडाच्या नमुन्यांच्या खणात काय भर पडली, ऑनलाइन मासिकांचा पासवर्ड बदलला का, कोणत्या विभागाची पुस्तकं परत यायची आहेत, एवढंच त्यात असतं. मुलं ते वाचायची, कारण त्यात कामाच्या गोष्टी असायच्या. मग डिझाइन विभागाच्या प्रमुख मॅडमनी ते 'रिडिझाइन' करायला घेतलं. नवीन वार्ता आली ती पांढऱ्या कागदावर फिकट राखाडी अक्षरांत. मध्ये मोठी मोकळी जागा, खाली मुंगीएवढा मजकूर, आणि पासवर्ड कडेला उभा छापलेला. मुलं फलकासमोर मान वाकडी करून उभी राहायची, आणि मग माझ्याकडे येऊन विचारायची.

मी मॅडमना तसं सांगितलं.

"मॅडम, व्हाइट स्पेसला श्वास घेऊ दे ना जरा," त्या म्हणाल्या.

"घेऊ दे की. पण मुलांना पासवर्ड मिळत नाही."

"ज्याला हवाय तो शोधेल. डिस्कव्हरी पण एक एक्स्पीरियन्स असतो."

या बाई माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. कोपरखैरण्याहून स्वतःची गाडी चालवत येतात आणि हुशार आहेत, हे मान्यच करायला हवं. त्यांच्या हातात दोरीचा तुकडा दिला तरी त्या त्याचं काही तरी देखणं करतील. अडचण एवढीच, की ती दोरी कशाला बांधलेली होती हे त्या आधी बघत नाहीत.

मग ठरलं, की संस्थेच्या मुख्यालयातून मोठे साहेब भेटीला येणार. ग्रंथालय चांगलं दिसलं पाहिजे, असं संचालकांनी बैठकीत सांगितलं. चांगलं असलं पाहिजे असं कोणी म्हणालं नाही. मी तोवर फाटक्या पुस्तकांची यादी करून ठेवली होती, दोन पंखे आणि एक शिडी मागितली होती. मॅडमनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशातलं कुठलं तरी घर, भिंतभर पुस्तकं, आणि ती रंगाने लावलेली. लाल, मग केशरी, मग पिवळी. बैठकीतले सगळे "वा" म्हणाले.

"आणि या रंगांत बसत नाहीत ती?" मी विचारलं.

"ती उलटी लावायची. पाठ आत, पानं बाहेर. सगळं क्रीम दिसतं. इतकं शांत वाटतं ना."

ग्रंथालयात पुस्तकं विषयाच्या क्रमांकाने लावतात. सहाशे एक्केचाळीस म्हणजे स्वयंपाक, सातशेपासून पुढे कला. जगात बहुतेक ठिकाणी हेच चालतं आणि त्यात कोणाला श्वास कोंडल्यासारखं वाटत नाही. हे मी बैठकीत सांगितलं. पाककला विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं शेफ म्हणतात, त्यांनी मान डोलावली आणि सही मॅडमच्या प्रस्तावावर केली.

मी शनिवार-रविवार खांदेश्वरला घरी होते तेवढ्यात डिझाइनच्या मुलांनी काम उरकलं. सोमवारी दार उघडलं तर समोर इंद्रधनुष्य. पावांचं पुस्तक फर्निचरच्या शेजारी, कारण दोन्ही तांबडी. माशांच्या रश्शांवरचं पुस्तक अक्षरकलेच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. मधल्या दोन कपाटांत मात्र पाठ फिरवलेली पुस्तकं. ज्यांच्या पाठी मळल्या, विटल्या, ज्यांना मी स्वतः कापड लावून डागडुजी केली, ती सगळी तिथे. म्हणजे सगळ्यात जास्त वाचली जाणारी. त्यावर तारेत वळवलेलं, दाराएवढं मोठं, संस्थेचं बोधचिन्ह. उंची सारखी दिसावी म्हणून पुस्तकांच्या मागे आणि खाली थर्माकोल भरलेला. आणि काही पुस्तकं घसरू नयेत म्हणून एकमेकांना दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेली. पुस्तकांना. चिकटपट्टीने.

खाली सुंदर राखाडी अक्षरांत पाटी: 'भिंत प्रदर्शनात आहे. कृपया पुस्तके काढू नयेत.'

त्या आठवड्यात मुलं येऊन "मॅडम, ते निळं पुस्तक" असं मागायला लागली. आमच्या दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, पानं, सगळं असतं. रंगाचा रकाना नसतो.

बुधवारी पाककलेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी आली. खाडीकाठच्या एका जुन्या गावातली. घरच्यांचा सुक्या मासळीचा धंदा. आई आणि आत्या बाजारात बसतात. वर्गात तिच्याजवळ बसायला सुरुवातीला काही जणी नाक मुरडायच्या, हे मला माहीत होतं. ती ग्रंथालयात फार यायची आणि कोकण किनाऱ्यावरच्या सुक्या मासळीवरचं एक जुनं पुस्तक पुनःपुन्हा काढून वाचायची. त्यात गावोगावच्या वाळवणाच्या पद्धती आहेत, बांबूच्या मांडवांची चित्रं आहेत, कुठे मीठ किती लावतात तेही आहे.

"मॅडम, माझं पुस्तक कुठंय?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"आहे. कुठे ते तुझ्या डिझाइनवाल्या मैत्रिणींना विचार."

"विचारलं. त्या म्हनतात कलर सांग." ती माझ्याकडे वळली. "उद्या माझा विषय आहे पॅनेलसमोर."

तिने समजावून सांगितलं, म्हणजे मला जे थोडं माहीत होतं ते नीट लावून दिलं. शेवटच्या प्रकल्पाचा ज्याचा जो विषय, त्याला प्रशिक्षणासाठी त्याच स्वयंपाकघरात पाठवतात. प्रादेशिक जेवणाच्या स्वयंपाकघरात यंदा एकच जागा होती. तिने विषय दिला होता सुकी मासळी. विषय मंजूर व्हायचा तर निदान एक छापील पुस्तक, ग्रंथालयाच्या शिक्क्यासकट, पॅनेलच्या टेबलावर ठेवावं लागतं. झेरॉक्स चालत नाही, मोबाइल तर नाहीच. हा नियम मीच सुचवला होता, कारण मुलं कुठल्या तरी साइटवरचं काहीही उतरवून आणायची. पुस्तक नसेल त्याचा विषय विभाग ठरवतो.

"आणि विभागाने तुझ्यासाठी काय ठरवलंय?"

"फ्रेंच डेझर्ट. शेफ म्हनाले, तुझा हात हलका आहे, तू केकमध्ये शोभशील." तिने ओठ मुडपले. "केक करून मी आमच्या आत्याला काय सांगू? बोंबलावर आयसिंग करते म्हनून?"

मी हसले नाही, पण हसण्यासारखं होतं.

शेफना भेटायला मी स्वतः गेले. ते किचनमध्ये कुणाची तरी चॉकलेटची कमान वाकडी झाली म्हणून ओरडत होते. "पुस्तक भिंतीत आहे," मी म्हटलं, "उद्या पॅनेलच्या वेळी मुलीला पुस्तकाशिवाय बसू द्या. ते आहे, हे मी लिहून देते."

"मॅडम, नियम तुमचाच आहे," शेफ म्हणाले. "आणि खरं सांगू? सुकी मासळी आणली तर सगळ्या मजल्यावर वास येतो. साहेब येणार आहेत उद्याच."

म्हणजे गोष्ट अशी होती. साहेब आणि पॅनेल एकाच दिवशी. भिंतीतून पुस्तक काढायचं नाही, आणि पुस्तकाशिवाय मुलीचा विषय नाही. एका विभागाने पुस्तक कोंडलं आणि दुसऱ्याने त्याचा सोयीस्कर फायदा घेतला, आणि दोन्ही विभाग दुपारी एकाच टेबलावर बसून एकमेकांच्या कल्पकतेची तारीफ करत डबा खाणार होते.

ग्रंथालयाची नियमावली मी लिहिली आहे आणि ती मला पाठ आहे. देवघेव बंद ठेवायची ती फक्त पुस्तकांच्या वार्षिक मोजणीसाठी. प्रदर्शनाचा त्यात उल्लेख नाही. पाटीवर ग्रंथपालाची सहीही नव्हती. मी मुलीला सांगितलं, उद्या सकाळी लवकर ये.

सकाळी दोघी क्रीम रंगाच्या कपाटांसमोर उभ्या राहिलो. सगळी पुस्तकं भिंतीकडे पाठ करून. पुस्तकाच्या पाठीला मी तपकिरी कापड लावलं होतं, पण ती तर आत होती. मी म्हटलं जाडीवरून बघू. तिने वरच्या ओळीपासून बोट फिरवत आणलं आणि एकेका पुस्तकाच्या कडेला बघायला लागली.

"पानं पिवळी आहेत त्याची, आनि मधली थोडी पानं जाड आहेत. चित्रांची," ती म्हणाली.

दुसऱ्या कपाटात, बरोबर बोधचिन्हाच्या खाली, ते सापडलं. बाहेर ओढलं तर शेजारचंही आलं, कारण चिकटपट्टी. ते होतं लग्नपत्रिकांच्या रचनेवर. दोन्ही वेगळी करताना मी कात्रीचं टोक कापडावर लागू दिलं नाही. पुस्तक निघाल्याबरोबर त्या ओळीतला थर्माकोल पुढे आला आणि चार-पाच पुस्तकं एकमेकांच्या खांद्यावर कलंडली. मी ती सरळ करायच्या भानगडीत पडले नाही. शिक्का मारला, तारीख घातली, आणि मुलगी वरच्या मजल्यावर गेली.

मॅडम दहाच्या आसपास आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय?"

"इश्यू केलं."

"आज? आजच? मॅडम, एक दिवस थांबता आलं नसतं?"

"तिचं पॅनेल आजच आहे."

"पण गॅप दिसतोय. आय लेव्हलवर गॅप."

"दिसणारच. तिथे पुस्तक होतं."

 मोबाइल काढून मॅडमनी पाककलेच्या बेकरीला फोन लावला आणि केकचा एक पांढरा खोका मागवला. खोक्याची कड कापून, वर क्रीम कागद चिकटवून, पेन्सिलीने पानांच्या रेषा ओढून तो खाचेत बसवला. सफाईदार काम होतं. दुरून पुस्तकच वाटत होतं. या बाईंनी इतकी मेहनत नमुन्यांच्या खणावर घेतली असती तर मी त्यांना चहा पाजला असता.

साहेब आले. सोबत संचालक होते; शेफ नव्हते, ते पॅनेलवर होते. साहेबांनी भिंत बघितली, "ब्यूटिफुल" म्हणाले, बोधचिन्हाखाली उभे राहून फोटो काढून घेतला. एकाही पुस्तकाला हात लावला नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला जो अशा माणसांना कोणी तरी शिकवून पाठवत असावं.

"आणि मुलं वाचतात का ही?"

"एक आत्ताच वाचायला गेलंय, सर," मी म्हटलं.

संचालक खोकले. साहेबांनी मान हलवली आणि पंख्यांकडे न बघता निघून गेले.

मुलगी दुपारी खाली आली. पुस्तक दोन्ही हातांत होतं, ॲप्रनवर आडवं धरलेलं. मी वाट बघत होते हे तिला दिसू नये म्हणून फाटक्या पुस्तकांची यादी पुढे ओढली.

"झाला पास," ती म्हणाली. "प्रादेशिकची जागा मिळाली."

"शेफ काय म्हणाले?"

"पुस्तक उघडून शिक्का बघितला, मग पन्नास पानं उलटली, मग म्हनाले, विषय चांगलाय पन वास येनार नाही असं काही तरी कर." तिने पदार्थ चाखल्यासारखी जीभ टाळूला लावली. "मी म्हटलं, शेफ, वास नाही आला तर त्याला सुकं कोन म्हनेल? बाकीचे हसले. तेबी हसले मग. सही केली."

"आत्याला कळवलंस?"

"केला फोन. ती बोलली, चार वर्सं फी भरली ती बोंबील शिकायला?" ती हसत सुटली. "आनि मग बोलली, संध्याकाळी लवकर ये, जवळा आलाय चांगला."

तिला पुस्तक प्रात्यक्षिकापर्यंत हवं होतं. मी मुदत वाढवून दिली आणि सांगितलं की तेलाचा डाग पडला तर निदान नवा पडू दे, जुन्या डागांची माझ्याकडे नोंद आहे. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली आणि चित्रांच्या पानांवरून वहीत मांडवाचं माप उतरवून घेऊ लागली.

मॅडम पुन्हा आल्या. साहेबांच्या कार्यालयाला भिंतीचे फोटो हवे होते, मोठ्या आकारात, जवळून. जवळून खोका ओळखू येत होता.

"ते पुस्तक आलं का परत?" त्यांनी विचारलं. "पाच मिनिटांसाठी लावू दे फक्त."

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "ते तिच्या नावावर आहे. तिला विचारा."

मॅडम टेबलाजवळ गेल्या आणि थोड्या वाकल्या. मुलीने वर बघितलं, पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं, आणि म्हणाली, "ताई, अजून मीठ किती लावायचं ते लिहून व्हायचंय माझं."

मॅडम शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि मोबाइल बघत वाट पाहू लागल्या. मुलीने लिहायची घाई केली नाही.